जिन्यात सुटलेली लादी

एक

लादी पडली.

पडली म्हणजे सुटली. पण कपानं सोडली, की माणसानं? भांडण इथूनच सुरू होतं.

जव्हारच्या बाहेर, उतारावर, नव्या लॉजचं काम चालू आहे. तिथल्या जिन्यात परवा दुपारी माणसाएवढी उंच लादी दोघांच्या हातांतून निघाली आणि तिचा कोपरा राघोच्या पावलावर उतरला. दोन बोटं गेली. लादी उभी धरलेली, दोन टोकांना दोन कप. कप म्हणजे रबरी चकती, तिच्यावर मूठ. चकती लादीला चिकटवायची, मूठ धरून उचलायचं. वरच्या पायरीवर मंगेश होता, खालच्या पायरीवर राघो. सुटला तो राघोचा कप.

राघोला जीपमध्ये घातलं. जीप वळणाआड गेली. मग मंगेशनं काय केलं? राघोचा कप उचलला, नळाखाली धरला, मूठभर रेती घेतली आणि घासून घासून धुतला. सगळ्यांच्या देखत.

कोण धुतं असा कप?

दोन

"ताई, आज मी काम नाय करणार. आज तुम्ही करा."

रविना दुकानाच्या पायरीवर उभी होती. आत येत नव्हती, जातही नव्हती. विद्युल्लताच्या लाद्या-नळांच्या दुकानात ती तीन वर्षं कामाला. राघो तिचा भाऊ. आणि मंगेश... मंगेश तिचा अजून कुणी नव्हता, पण होणार होता.

"संध्याकाळी दाभोशाला आमच्या पाड्यावर म्हातारे बसणार. मंगेशला उभा करणार. हर्षलशेठ सांगून गेला, मंगेशनं मुद्दाम केलं. सकाळी कप त्यानंच लावले, हवा आत सोडली, मंग धुवून टाकला."

"तुला काय वाटतं?"

"मना काय वाटायचं? त्यानं भावाचा पाय तोडला असंल तर मी त्याच्या घरात नाय जाणार. नसंल तोडला तर दुसऱ्या कुणाच्या नाय जाणार."

"मंगेश काय म्हणतो?"

"काय नाय बोलत. तोंडात लादी बसवल्यावानी गप."

विद्युल्लता बसलेली नव्हती. ती दुकानात कधीच बसत नाही. गिऱ्हाईक नसलं की नमुन्याच्या लाद्या इकडून तिकडे करते. आता तिनं एक लादी उचलली, होती तिथेच परत ठेवली.

"आणि कप तुमच्या दुकानातला व्हता," रविना म्हणाली. मग आत आली.

पुन्हा एक

कप चुकीचा दिला असेल का?

हा प्रश्न विद्युल्लतानं दुसऱ्या कुणाला विचारायच्या आत स्वतःला विचारला, कारण कप तिनंच निवडले होते. दुकानात ती हे इतक्यांदा बोलते की रविनालाही पाठ आहे: लादी चकचकीत असेल तर खटक्याचा कप, खटका दाबला की बसला. लादी खडबडीत असेल तर खटक्याचा चालणार नाही, बारीक खड्ड्यांतून हवा शिरते. तिथे पंपाचा कप घ्या, मऊ काठाचा. पंपाच्या कपाला दट्ट्या असतो. दाबत राहा, हवा निघते, दट्ट्या आत जाऊन बसतो. हवा परत शिरायला लागली की दट्ट्या हळूहळू वर येतो आणि त्याच्यावरची लाल रेघ दिसते. लाल दिसलं की परत पंप. नाहीतर खाली ठेवा. धूळ पुसा, रबर पुसा. चिरलेल्या लादीला कप नाही. डोक्यावर लादी नाही. आणि कप आहे म्हणून दुसरा हात खिशात नाही.

लॉजच्या जिन्याची लादी खडबडीत. दिलेले कप पंपाचे. दोन.

बरोबर दिले होते.

ठेकेदार हर्षल राघोचा कप गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. काउंटरवर ठेवला, मोबाइल उलटा ठेवला, परत सुलटा केला.

"मॅडम, तुम्ही फक्त एवढं सांगा की कप चांगला आहे. बाकी पाड्यावर मी बघतो."

"तुम्ही काय बघता?"

"त्या दोघांचं जिन्यात भांडण चाललं होतं. ओरडाआरडा. सगळ्यांनी ऐकलं. आणि दुसरा कप मंगेश पळवून घेऊन गेलाय, तेही सांगा त्यांना."

विद्युल्लतानं रबर बोटानं दाबलं, काठ उलटून पाहिला. कुठे चीर नाही. तिनं खडबडीत लादी भिंतीला उभी केली, पुसली, कप लावला, दट्ट्या दाबत गेली. बसला. रविनाला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला, गाळला, प्यायला. तेव्हा कुठे दट्ट्याखालून लाल रेघ डोकावली. बारीक, स्वच्छ, लाल. कप तरीही धरून होता.

"बघा," हर्षल म्हणाला. "कप बोलतोय. ऐकणारा बहिरा."

तो गेला. कप राहिला. विद्युल्लता त्याच्याकडे बघत राहिली.

रबराला एक ओरखडा नव्हता. रेतीचे ओरखडे होते ते वर, दट्ट्या जिथून आत जातो त्या गळ्याभोवती. गोल गोल. हट्टानं काढल्यासारखे.

रक्त लागलं असेल तर रबराला लागेल. आणि रक्ताला रेती कशाला? ते पाण्यानं जातं.

मग मंगेशनं घासून काय काढलं?

पुन्हा एक

विद्युल्लता रविनाला घेऊन गेली तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर राघो पाय उंच करून पडला होता. शेजारी त्याची बायको प्रेमा, मांडीवर डबा, डब्याचं झाकण उघडतेय, लावतेय.

"राघो, दोघं जिन्यात थांबलात का?"

"त्यानं थांबवलं." राघो छताकडे बघत बोलत होता. "रविनाचं विचारायचं व्हतं त्याला."

"जिन्यात?"

"मी पण तेच बोललो. जिन्यात काय विचारतो रे? तर बोलतो, बाकी कुठं विचारलं का तू निघून जातो. आता तुझ्या हातात लादी हाय, जाऊन दाखव."

रविनानं तोंड फिरवलं. हसू आलं की रडू, ते भिंतीलाच कळलं.

"मग तुम्ही ओरडलात."

"ओरडणारच. बहीण काय अशी मागतात? पण..." राघो थांबला. "मी हो बोलणार व्हतो ताई. जरा तंगवत व्हतो. पोरगा घामाघूम झालेला, बरं वाटत व्हतं बघून."

"आणि आता?"

"आता नाय." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "त्यानं कप का धुतला, ते तो सांगत नाय. तवर नाय."

"थांबलात तेव्हा लाल रेघेकडे बघितलं होतंत?"

"बघितलं की. मी बघतोच. तुम्हीच शिकवलेलं, कप घ्यायला मी आलतो हर्षलशेठबरोबर."

"काय दिसलं?"

"रोजच्यावानी व्हतं."

रोजच्यासारखं. म्हणजे रेघ नव्हती. म्हणजे कप घट्ट बसलेला होता. म्हणजे हवा आपोआप शिरली नाही. म्हणजे कुणीतरी आत सोडली. कपाच्या काठाला सोडवायची पट्टी असते, ती उचलली की फस्स. पण मंगेश दुसऱ्या टोकाला, लादीभर लांब, दोन पायऱ्या वर. त्याचा हात तिथं कसा पोचेल? पोचणार नाही. आणि सकाळीच सोडून ठेवली असती तर लादी जिन्यापर्यंत आलीच नसती.

मग राघो खोटं बोलतोय. बोटं गेलेला माणूस, स्वतःची चूक झाकतोय.

पण तसं बोलणाऱ्याचे डोळे असे नसतात.

"मी तं सगळं केलं व्हतं," प्रेमा एकदम म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. "दसऱ्याला याचं एकूण एक हत्यार पूजलं मी. कामावर जाऊन. कशाला कमी नाय केलं. तरी देवानं डोळा का मिटला, सांगा ना ताई?"

डब्याचं झाकण लागलं. उघडलं.

पुन्हा एक, वैतागून

लॉजवर काम बंद. जिन्याच्या पायऱ्यांवर फुटलेल्या लादीचे तुकडे तसेच.

"मी सांगतो तुम्हाला राघो कसला आहे," हर्षल म्हणाला. सोबतीला कुणी नसलं की तो जास्त बोलायचा. "कामचुकार नाही, पण किरकिऱ्या. सुट्टीनंतर कामावर आला आणि रोज एकच रड. शेठ, कप लाल दाखवतो. शेठ, लाल जात नाही. मी स्वतः येऊन बघितलं. लादी लोंबकळवून बघितली, मस्त धरलेली. म्हटलं, पडतेय का? नाही ना? मग उचल. चार दिवसांनी आपोआप गप झाला."

"कुठल्या सुट्टीनंतर?"

"दसऱ्याच्या."

विद्युल्लता कोपऱ्यात ठेवलेल्या हत्यारांकडे चालत गेली. उगीच. एका जागी उभं राहवत नव्हतं म्हणून.

थापी. दांड्यावर तेलातला शेंदूर, सुकून घट्ट झालेला.

कटर. शेंदूर. सुकलेला झेंडू अडकलेला.

ओळंबा, शेंदूर. रबरी हातोडी, शेंदूर. माल कालवायच्या घमेल्याच्या कडेलासुद्धा एक बोट.

शहरात हत्याराला हळदकुंकू वाहतात. फुंकर मारली की उडतं. हे तसं नव्हतं. पाड्याच्या वेशीवर वाघदेवाला लावतात तसं हे, तेलात कालवून, एकदा लावलं की पावसाळा खाऊनही न जाणारं.

तिनं पिशवीतून राघोचा कप काढला.

कपाला नव्हता.

एकूण एक हत्यार, प्रेमा म्हणाली होती.

विद्युल्लता तिथेच, रेतीच्या ढिगावर, बसली. हर्षलनं तिला बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"काय झालं मॅडम?"

"एक तुकडा घेऊन जाते," ती म्हणाली, आणि फुटलेल्या लादीचा पाटाएवढा तुकडा उचलला.

एकही आकडा नसलेलं प्रकरण

जीप. मागे पाच जणांच्या जागेत नऊ. विद्युल्लताच्या मांडीवर लादीचा तुकडा. उजवीकडे रविना. डावीकडे प्रेमा, राघोच्या घरचं कुणी हवं म्हणून तिला पाड्यावर बोलावलेलं. दोन्हीकडच्या खाचरांत भात पिवळं पडलेलं, कापणारे वाकलेले, वळण, पुन्हा वळण.

विद्युल्लताला आता ठाऊक होतं.

मंगेशला सोडवायचं तर ते बोलावं लागणार होतं. बोललं तर बोट जाणार होतं शेजारी बसलेल्या बाईकडे, जिचा गुडघा प्रत्येक वळणावर तिच्या गुडघ्यावर आपटत होता.

"ताई, दगड जड हाय. द्या माझ्याकडं," प्रेमा म्हणाली, आणि तुकडा आपल्या मांडीवर घेतला.

पुन्हा दोन

चिंचेखाली म्हातारे बसले होते. मधे माघ्याबाबा, पाड्यावरचा सगळ्यात मोठा. समोर मंगेश, मातीत बोटानं काहीतरी काढतोय, पुसतोय. हर्षल आलेला नव्हता. त्याचं जे सांगायचं ते तो आधीच सांगून गेला होता.

"बाई, तुम्ही दुकानवाल्या," माघ्याबाबा म्हणाला. "तुमचा कप चांगला हाय, असं बोलायला आल्या ना?"

"कप चांगला आहे. मी ते बोलायला आले नाही. मंगेश, दुसरा कप आण."

मंगेशनं मान हलवली. नाही.

"आण," रविना म्हणाली.

तो उठला. झोपडीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आला आणि फडकं न सोडताच विद्युल्लताच्या हातात दिलं. "ताई, नका ना," एवढंच पुटपुटला.

तिनं फडकं सोडलं. दट्ट्यावर शेंदूर. गळ्याभोवती शेंदूर, गोल, जाड, जुना होऊन लाल पडलेला.

तिनं लादीचा तुकडा पुसला, कप लावला, दट्ट्या दाबला. दाबला. दाबला. कप घट्ट बसला. मूठ धरून तिनं तुकडा माघ्याबाबासमोर उचलला.

"बाबा, गळ्याशी लाल दिसतंय?"

"दिसतंय."

"लाल म्हणजे हवा शिरली. परत पंप मारायचा." तिनं परत मारला. "आता?"

"हाय तसंच."

परत मारला. "आता?"

"तसंच की. ते जाणार कसं? शेंदूर हाय तो."

"हेच राघो म्हणत होता. लाल जात नाही. पहिले चार दिवस त्यानं पंप मारमारून हात दुखवून घेतला, ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदार म्हणाला, पडतेय का? मग उचल. पाचव्या दिवसापासून लाल दिसणं रोजचंच झालं."

तिनं शेंदूर पुसला नाही. तुकडा हातात तसाच लटकत ठेवला आणि बोलत राहिली.

"परवा दोघं जिन्यात थांबले. मंगेशला बहीण मागायची होती. राघो त्याला तंगवत होता. खडबडीत लादी, कटरची धूळ, वेळ जात होता, हवा शिरत होती. रेघ वर आली असणार. राघोनं पाहिलंही. मला म्हणाला, रोजच्यासारखं होतं. मला वाटलं, रेघ नव्हती. त्याला म्हणायचं होतं, लाल होतं. रोज असतं तसं."

एका म्हाताऱ्यानं विडी विझवली.

"मंगेशनं हवा सोडली नाही. त्याचा हातच पोचत नव्हता. त्यानं धुतला तो शेंदूर. म्हणून रेती लागली, म्हणून ओरखडे गळ्याशी. कप हातात घेतला तेव्हाच त्याला सगळं कळलं."

"खरं का रे?" माघ्याबाबानं विचारलं.

मंगेशनं मातीत काढलेलं बोटानं पुसलं.

"मंग हा दुसरा का नाय धुतला?"

"एक धुतला तवाच भ्या वाटलं," मंगेश मातीकडे बघत म्हणाला. "देवाचं व्हतं. दुसरा धजलो नाय. फडक्यात बांधून ठेवला, कुणी बघू नये म्हून."

"कुणी बघू नये? का? शेंदूर लावला कुणी?"

विद्युल्लतानं नाव घेतलं नाही.

"मी लावला," मंगेश म्हणाला.

"तू?" रविना. "तुला कपाळाला टिळा सरळ लावता येत नाय. हळदीला भिंतीला बोटं पुसली व्हती तू."

एकजण हसला आणि लगेच थांबला. कारण प्रेमा उठली होती.

तिनं विचारलं काही नाही. कपाजवळ आली, गळ्याभोवतीच्या लाल कड्यावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. इतकं घट्ट बसलेलं.

"मी लावला," ती म्हणाली. "बाकीच्यांना एकेक बोट. कपाला जास्त लावला. तोच त्याचा हात धरतो ना, म्हून. जिथून आत जातं तिथं लावला, म्हंजी देव आत जाईल."

मग ती खाली बसली, जशी जड ओझं उतरवून बसतात तशी, आणि रविना तिच्या शेजारी जाऊन बसली. वहिनीचा हात तिनं धरला नाही. नुसती टेकून बसली.

मंगेश म्हणाला, "वैनी, म्हून बोलत नव्हतो."

"गप. तू गप राहिला म्हून माझ्या नवऱ्याला वाटलं तू वाईट हाय."

माघ्याबाबा बराच वेळ लादीच्या तुकड्याकडे बघत राहिला. विद्युल्लताचा हात भरून आला होता. अचानक दट्ट्या कुरकुरला, शेंदराच्या कड्यातून थोडा वर सरकला, आणि कड्याच्या वर दुसरी रेघ दिसली. बारीक, स्वच्छ, लाल. बघणाऱ्याला आता कळत होतं. न कळणाऱ्याला दोन्ही एकच.

तिनं तुकडा झटकन खाली ठेवला.

"बाईनं नवऱ्यासाठी देव लावला," माघ्याबाबा म्हणाला. "त्याचा न्याय मी नाय करणार. पण राघोनं सांगितलं व्हतं, लाल जात नाय म्हून?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"हर्षलला. तो स्वतःच मला म्हणाला."

"मंग उद्या इथं तो उभा राहील. आज उगा पोराला उभा केला." मंगेशकडे न बघता त्यानं हात हलवला. "बस खाली तू."

शेवटून एक

उजेड होता अजून. जीप यायची होती.

प्रेमा कप मांडीवर घेऊन बसली होती. तेलाचं बोट लावून लावून तिनं स्वतःच गळ्याचा शेंदूर सोडवला, मग तेल सुक्या फडक्यानं काढलं, मग परत काढलं. विद्युल्लता उभी राहून बघत होती. एकदा "रबराला तेल नको," एवढंच म्हणाली.

"ताई, मंग कुठं लावू?"

"काय?"

"शेंदूर. कुठंच नाय लावायचा, असं नका सांगू."

विद्युल्लतानं कप घेतला, उलटासुलटा केला. मग मुठीचं टोक दाखवलं. "इथे. रेघेपासून लांब."

"उद्या दवाखान्यात मी त्याला सांगते. मीच सांगते." प्रेमानं फडक्याची घडी घातली. "रागावेल. मंग हो बोलेल. तो हो बोलणारच व्हता."

हे शेवटचं तिनं मोठ्यानं म्हटलं. चिंचेच्या पलीकडे दोघं उभे होते, मधे दोन हात अंतर ठेवून, त्यांना ऐकू जाईल इतकं.

"ऐकलं का?" मंगेश म्हणाला.

"ऐकलं." रविना त्याच्याकडे बघत नव्हती. "परत माझ्या भावाला जिन्यात काय विचारशील तर बघ."

"मंग कुठं विचारू?"

"कुठंबी विचार. आधी लादी खाली ठेव."